पोर गप्प झालं की

कारंज्यात आमच्या घराची ओसरी आणि दवाखाना यांच्यामध्ये एकच दार आहे. दाराच्या अलीकडे माझी अडीच वर्षांची मुलगी आणि पलीकडे मामाजींची गादी. माझे सासरे गेली पंचेचाळीस वर्षं त्या गादीवर बसतात. आधी वडिलांच्या हाताखाली खल घोटला, मग अकोल्याला जाऊन आयुर्वेद शिकले आणि परत इथेच आले. या गावाच्या नावामागेच आजाराची एक कथा आहे. करंज ऋषींना जडलेला दुर्धर रोग देवीने निर्माण केलेल्या तळ्यात स्नान केल्यावर गेला, असं सांगतात. त्यामुळे इथे येणारा रोगी थोडीशी श्रद्धा घरूनच घेऊन येतो.

मीही आयुर्वेदाचीच वैद्य. लग्नानंतर अडीच वर्षं मामाजींसोबत बसले, मग मुलगी झाली आणि अडीच वर्षं दार ओलांडलं नाही. यंदा दिवाळीनंतर, सोयाबीन निघून घरोघरी जरा हात मोकळे झाले तेव्हा, मी पुन्हा बसायचं ठरवलं. नवा फलक करायला टाकायचा होता. त्यावर अनुभवाची वर्षं किती लिहायची, एवढ्याशा प्रश्नावरून त्या रात्री आमचं बोलणं सुरू झालं. जसं झालं तसं लिहिते आहे. नुकत्याच दवाखाना उघडणाऱ्या कुणाला त्याचा उपयोग होईल, असं वाटतं.

मी : मामाजी, फलकवाल्याला मी पाच वर्षं सांगितलीत.

मामाजी : अडीच सांग. बाकीची अडीच तू घरी होतीस.

मी : घरी होते, पण वैद्यकी सुटली नव्हती. मला तर वाटतं, जास्त शिकले ते त्याच अडीच वर्षांत.

मामाजी : लेकरू वाढवणं मोठंच काम आहे, त्यात वाद नाही. तुझ्या सासूबाईंनी तीन वाढवली. पण त्यामुळे त्या नाडी बघायला लागल्या नाहीत. सूनबाई, दवाखाना वेगळा, पाळणा वेगळा. एकाचं माप दुसऱ्याला लावू नये.

मी : मग एक सांगा. घरात अचानक शांत झालं की मी काय करते?

मामाजी : धावतेस. तव्यावरची पोळी जळली तरी बघत नाहीस.

मी : कारण ती रडते आहे तोवर मला सगळं कळत असतं. कुठे आहे, भूक लागली की पडली, की नुसताच हट्ट चाललाय. आवाज थांबला की समजावं, काहीतरी तोंडात घातलंय किंवा पाण्याच्या टाक्याजवळ गेली आहे. पण दवाखान्यात मी याच्या अगदी उलट वागत होते. गप्प बसणारा रोगी मला समाधानी वाटायचा. मंगरूळपीरकडची ती सांधेदुखीची आजी आठवते? मी म्हणेन त्याला ‘हाव बाई, हाव बाई’ म्हणायची. दोनदा आली, तिसऱ्यांदा नाही. पुढे तिची सून भेटली तेव्हा कळलं. रोज दोनदा काढा उकळून द्यायला घरात कुणीच नव्हतं, सगळे सोंगणीला. म्हातारीला ते सांगायची लाज वाटली. मी विचारलंही नव्हतं.

मामाजी : दर्शन, स्पर्शन, प्रश्न. वाग्भटाने तीनच शब्दांत सांगून ठेवलंय. विचारायचं राहिलं ही तुझी चूक. त्यासाठी लेकरू कशाला लागतं?

मी : शब्द मला पाठ होते, सवय नव्हती. काश्यपसंहितेतला वेदनाध्याय घ्या. ज्याला बोलता येत नाही त्या बाळाचं दुखणं कशावरून ओळखायचं, ते कश्यपांनी एकेक करून सांगितलंय. कान दुखत असेल तर बाळ हाताने कान चाचपतं, डोकं हलवतं, बेचैन होतं, दूध नको म्हणतं. डोकं दुखत असेल तर डोकं जोरात हलवतं, डोळे मिटतं, रात्री रडतं. मी हे परीक्षेत लिहिलं आणि विसरले. ही अकरा महिन्यांची असताना एका रात्री ती कानाशी हात नेऊन मान झटकायला लागली, छाती तोंडात धरून सोडायला लागली. तेव्हा तो अध्याय मला पहिल्यांदा समजला. इतक्या जुन्या काळी कुणीतरी रात्र रात्र बाळांजवळ बसून हे पाहिलं असेल, त्याशिवाय असं लिहिता येत नाही.

मामाजी : त्या रात्री मी लसणाचं तेल कोमट करायला सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस.

मी : पडदा फाटला असेल तर कानात तेल घालायचं नसतं. आणि पडदा शाबूत आहे की नाही, ते आत बघायचं साधन आपल्याकडे नव्हतं. सकाळी कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आत पू झाला होता.

मामाजी : मधाचंही तेच केलंस. पिढ्यान्‌पिढ्या या घरात गुटी मधात उगाळून दिली. काश्यपसंहितेच्याच लेहाध्यायात मध-तूप सांगितलंय. तू वर्षभर मधाचं बोट लावू दिलं नाहीस. गावात लोक मला विचारत होते, वैद्याच्या नातीला गुटी नाही?

मी : तुम्हाला वाईट वाटलं, ते मला दिसत होतं. पण मधात कधीकधी एका जिवाणूची बीजं असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात रुजतात, विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. क्वचितच होतं, पण हे कळल्यानंतर मला ते बोट लावणं शक्य नव्हतं. दुसऱ्याच्या बाळाबाबत कदाचित मी ‘चालत आलंय, चालू द्या’ म्हटलं असतं. स्वतःचं बाळ मांडीवर असलं की परंपरेलाही प्रश्न विचारावा लागतो. मग ठरवलं, जे माझ्या मुलीला देणार नाही ते कुणाच्याच मुलीला द्यायचं नाही.

मामाजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. आतून सासूबाईंच्या अंगाईचा सूर येत होता. मग ते गादीवर सरसावून बसले. वाद मनावर घेतला की ते असेच बसतात.

मामाजी : आता माझं ऐक. तुझ्या सगळ्या बोलण्यात एक धोका आहे. रोगी म्हणजे लेकरू नव्हे. ज्या वैद्याला रोगी लेकरासारखा वाटायला लागतो, तो हळूहळू दटावायला लागतो, खोटं बोलून औषध पाजतो, ‘तुला काय कळतं’ म्हणतो. साठ वर्षांचा शेतकरी समोर बसतो. त्याने चार दुष्काळ काढलेत, दोन पोरींची लग्नं केलीत. त्याला काय लेकरू समजशील? माझ्या वडिलांचा हा दोष होता. तो माझ्यातही उतरलाय.

मी : हे तुम्ही बोललात ते फार बरं झालं. मी कुठे घसरत होते, ते आता कळलं. रोगी लेकरू नाहीच. मुलीने मला रोग्याबद्दल काही शिकवलं नाही, माझ्याबद्दल शिकवलं. मी किती लवकर चिडते, हातात सत्ता आली की कशी वागते, माझं ऐकलं नाही तर काय करते. अडीच वर्षांचं मूल दिवसभर ‘नाही’ म्हणतं. त्या ‘नाही’ला रोज तोंड दिल्यावर कळतं, आपली हुकमत किती तकलादू आहे.

मामाजी : उदाहरण दे. नुसतं बोलू नको.

मी : एका रात्री ती झोपत नव्हती. मी थकले होते. म्हटलं, झोप, नाहीतर ओसरीवरचा बुवा येईल. झोपली. पण पुढे कितीतरी दिवस अंधार पडला की ओसरीवर जायला तयार नव्हती. ओसरीच्या उंबरठ्यापर्यंत यायची आणि माझा पदर धरून मागे फिरायची.

मामाजी : चरकाने शारीरस्थानात स्पष्ट लिहिलंय. मूल रडत असो, जेवत नसो की ऐकत नसो, राक्षस-पिशाचाचं नाव घेऊन त्याला घाबरवू नये. त्याच अध्यायात खेळणी कशी असावीत तेही आहे. रंगीत, आवाज करणारी, हलकी, टोक नसलेली, तोंडात न जाणारी, जिवाला धोका न करणारी आणि न घाबरवणारी.

मी : हे तुम्हाला मुखोद्गत आहे. पण आपल्या धंद्यात बुवा किती दाखवले जातात ते बघा. ‘आत्ता शुद्धी केली नाही तर मूत्रपिंडं जातील.’ ‘हे चूर्ण थांबवलंत तर सांधे कायमचे आखडतील.’ नवा दवाखाना असतो, भाडं भरायचं असतं, समोरचा माणूस उठून जाईल अशी भीती असते. अशा वेळी सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे भीती. मीही पहिल्या वर्षी एकदोनदा दिलंय. घाबरलेला माणूस महिनाभर औषध घेतो. दुसऱ्या महिन्यात पथ्य मोडल्याचं लपवतो, तिसऱ्या महिन्यात येतच नाही. माझी मुलगी ओसरीवर येईना, तसाच.

मामाजी : आणि न घाबरवता तो ऐकला नाही तर? तंबाखू सोड म्हटलं तर सोडतो का कुणी?

मी : त्याचं उत्तरही तुमच्या चरकातच आहे. पादांशिक क्रम. वाईट सवय चौथाई चौथाईने सोडायची, चांगली तशीच धरायची, मध्ये दिवसांचं अंतर ठेवायचं. मी मुलीचं रात्रीचं अंगावरचं दूध असंच सोडवलं. एका झटक्यात सोडवायला गेले तेव्हा तीन रात्री दोघीही रडलो. मग एकेक वेळ कमी केली, दरवेळी थोडं थांबून. महिना लागला, पण परत मागितलं नाही. आता तंबाखू खाणाऱ्याला मी ‘उद्यापासून बंद’ म्हणणार नाही. दिवसाला आठ वेळा खातोस ना, या आठवड्यात सहा वेळा. परत ये, मग बघू. परत आला, हेच मला मिळालेलं यश.

मामाजी : बाजाराच्या दिवशी चाळीस माणसं दारात असतात. प्रत्येकाला पाव तास दिलास तर दिवस पुरेल? संध्याकाळी घरी काय नेशील? आणि निम्मे तर सुईच मागतात.

मी : ‘येक सुई देऊन द्या बाई, मंग बरं वाटते.’ रोज ऐकायचे. चाळीस बघणार नाही, पंधरा बघीन. सुरुवातीला कमी मिळेल हे मान्य. मुलीला बूट घालायला शिकवलं तेव्हा दहा मिनिटं जायची, मी घातले असते तर अर्ध्या मिनिटात झालं असतं. पण आता ती स्वतः घालते. पंधरातल्या दहा जणांना स्वतःचं पथ्य स्वतःला कळलं, तर ते प्रत्येक सर्दीला येणार नाहीत. पण घरात काही मोठं झालं की आधी माझ्याकडे येतील. आता समृद्धी महामार्गाने लोक सरळ नागपूरला जातात. तुमच्या वेळी शकुंतला रेल्वेतून दारव्ह्याहून रोगी यायचा, कारण दुसरं जवळ काही नव्हतं. आता त्याच्यासमोर दहा वाटा आहेत. तरी तो माझ्याकडे का यावा, याचं उत्तर मला द्यायला हवं.

मामाजी : बरं. पण मुख्य मुद्द्यावर ये. तुझ्या सगळ्या बोलण्याचा अर्थ, तू चुकत चुकत शिकलीस. लेकराने चुकावं, पडावं. वैद्याने पडू नये.

मी : न्यूयॉर्कच्या विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ या संशोधिकेने चालायला लागलेली मुलं मोकळी खेळत असताना मोजलं होतं. २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला सतरा! कुठलंही मूल पडतं म्हणून चालणं सोडत नाही. आणि आम्ही पदवी घेऊन बाहेर पडतो, पहिल्या वर्षी दोन रोगी बिघडले की घाबरून सुई-गोळ्यांच्या वाटेला लागतो.

मामाजी : सूनबाई, लेकराच्या पडण्यात त्याचा स्वतःचा गुडघा फुटतो. वैद्याच्या पडण्यात दुसऱ्याचा जीव जातो. ही दोन पडणी एका तागडीत घालू नको.

मला पटकन उत्तर सुचलं नाही. हा त्या रात्रीचा सगळ्यात वजनदार मुद्दा होता आणि तो त्यांचा होता. आत मुलीने झोपेत कूस बदलली, तिचा पाय कोपऱ्यातल्या पांगुळगाड्याला लागला आणि लाकडी चाक कुरकुरलं. त्या आवाजाने मला धागा मिळाला.

मी : म्हणूनच तो गाडा आहे. जे मूल वर्षाचं झालं तरी पायांवर चालत नाही त्याला कश्यपांनी फक्क म्हटलं. त्याला तूप-औषधं दिली आणि शिवाय तीन चाकांचा रथही सांगितला. नुसतं औषध देऊन ते थांबले नाहीत. पाऊल टाकायला आधार दिला. सुश्रुतांनीही विद्यार्थ्याला आधी भोपळ्यावर, काकडीवर शस्त्र चालवायला लावलं. शास्त्र आलं पण हात नाही, किंवा हात आला पण शास्त्र नाही, तो एका पंखाचा पक्षी, असं ते म्हणतात. पडायचंच आहे, तर जिथे पडणं महाग नाही तिथे पडायचं. वैद्याचा पांगुळगाडा म्हणजे कुणातरी जाणत्याच्या शेजारी बसणं. आणि काही गोष्टी गाड्यात बसूनही करायच्या नाहीत. साप चावलेला, फवारणीचं विष लागलेला, छातीत कळ आलेला, अंग थंड पडलेलं बाळ, यांना हात न लावता लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवायचं.

मामाजी : हे चरकही म्हणतो. असाध्याला हात घालणाऱ्याचा पैसा जातो, विद्या जाते, नाव जातं. मग तर माझंच म्हणणं खरं झालं. गुरूशेजारी बस. या गादीजवळ.

मी : बसले होते ना, अडीच वर्षं. पण गाडा कधीतरी सोडायचाही असतो, मामाजी. म्हणून फलक करतेय. तुम्हाला एक विचारू? काश्यपसंहितेत वृद्धजीवकाची गोष्ट आहे. पाच वर्षांच्या जीवकाने कश्यपांचं ज्ञान थोडक्यात मांडलं. हे पोराचं बोलणं म्हणून ऋषींनी ते मानलं नाही. मग त्याने कनखलला सगळ्यांच्या देखत गंगेत बुडी मारली आणि पांढऱ्या केसांचा, सुरकुतलेला होऊन वर आला. तेव्हा त्याचं ऐकलं. ज्ञान तेच होतं, फक्त केस पांढरे झाले होते. माझ्याकडे येणारा पहिला प्रश्न हाच विचारायचा, ‘मोठे डाक्टर नाहीत काय वो?’

मामाजी : तो ग्रंथही नेपाळात पोथीत पडून होता. हेमराज शर्मांना मिळाला, १९३८ साली छापला, तोही अपुरा. त्या पोराचं बोलणं आपल्यापर्यंत पोचलं, हेच विशेष.

मी : मग आपण तरी पोराचं ऐकू. आणखी एक, रागावू नका. पंचेचाळीस वर्षांच्या तुमच्या वह्या मी वाचल्यात. कोणत्या काढ्याने कुणाचं काय बरं झालं, सगळं आहे. बिघडलेलं एकही नाही. मुलगी पडते तेव्हा मला दिसतं, कुठे पडली, का पडली. तुम्ही कुठे पडलात हे वहीत नसेल, तर मी तिथेच पडणार ना?

ते उठून आत गेले. मला वाटलं, मी मर्यादा ओलांडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे दवाखान्यात दिवा दिसला. मामाजी गादीवर नव्हते, रोग्याच्या बाकावर बसले होते. समोर कोरी वही होती. ‘तुझं अक्षर बरं आहे,’ म्हणाले, ‘तू लिही.’

त्यांनी सांगितलं ते असं. दवाखाना सुरू करून चार-पाच वर्षं झाली होती. दारव्ह्याकडून शकुंतलेने एक जोडपं आलं. वर्षाचं पोरगं, तीन दिवसांपासून हगवण. आदल्या दिवशी रडून रडून गोंधळ घालत होतं, असं बाप म्हणाला. आईच्या मांडीवर ते अगदी गप्प होतं. मामाजींनी औषधाच्या पुड्या बांधल्या आणि म्हणाले, शांत झालंय, उतार पडतोय. आई काहीतरी बोलू लागली, तिला बापाने आणि मामाजींनी दोघांनीही थांबवलं. तिने पुड्या घेतल्याच नाहीत. पोराला उचललं आणि कुणाला न विचारता स्टेशनकडे निघाली. मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला नेलं, तिथे सलाइन लागलं. पोर वाचलं. महिन्याभराने बाप पेढे घेऊन आला. मामाजींनी पेढे घेतले.

‘ते शांत नव्हतं,’ मामाजी म्हणाले, ‘अंगातलं पाणी संपलं होतं. रडायलाही त्राण नव्हतं. डोळे खोल गेले होते, मी पाहिलेच नाहीत. ते आईला कळलं. रात्री तू म्हणालीस ना, शांत झालं की धावतेस. तेव्हापासून झोप नाही लागली.’

मी लिहून घेतलं. हगवणीतलं मूल गप्प, सुस्त झालं, डोळे खोल गेले, पाणीही पिईना, तर ते उतार पडल्याचं नव्हे, धोक्याचं लक्षण. क्षणही न दवडता पाठवणं. खाली साल घातलं. मग वरच्या रकान्यात नाव लिहायला थांबले. ज्यांनी ते दुखणं ओळखलं त्यांचं नाव वर हवं, असं मला वाटलं.

‘त्या बाईंचं नाव काय होतं?’

मामाजींनी मान हलवली. ‘बापाचं नाव जुन्या वहीत सापडेल. तिचं मी विचारलं नव्हतं.’

मग त्या रकान्यात मी ‘आई’ असं लिहिलं. फलकावर अनुभवाची वर्षं लिहायचीच नाहीत, असं आम्ही ठरवलं. ती वही मात्र आता दोघांची आहे आणि बाजाराच्या दिवशी संध्याकाळी आम्ही ती भरतो.